वामनभावजींचा भागाकार

भावजींच्या कचेरीतला शिपाई दारात आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. त्याच्या एका हातात भावजींची छत्री होती आणि दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. माणूस नाही आणि त्याची छत्री तेवढी घरी आली, म्हणजे काय ते मला कळलं. तरी तो बिचारा शब्द शोधत उभा राहिला. "बाई, साहेबांना जरा..." मी म्हटलं, "जरा काय? गेले ना? मग सरळ सांग." तेव्हा त्यानं सांगितलं. जेवण झालं, हात धुऊन खुर्चीत बसले, पेन्सिलीला टोक काढायला घेतलं आणि मान टेबलावर टेकली ती टेकलीच. मी डबा उघडून पाहिला. पोळी-भाजी सगळी संपलेली होती, म्हणजे निदान जेवून गेले. सुतकात काय करायचं आणि काय नाही ते सांगायला शेजारणी जमल्या, पण खरकटा डबा दहा दिवस ठेवणारी मी नाही. तो मी त्याच संध्याकाळी घासला.

याला आता सात आठवडे झाले. मधल्या काळात कचेरीनं शोकसभा घेतली. त्यांचे मोठे साहेब उभे राहून म्हणाले की, आकडे हेच वामनरावांचं कुटुंब होतं. लोकांनी माना हलवल्या. मी पुढच्याच बाकावर बसले होते, कुटुंब म्हणून. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या दिवशी घरी येताना ठरवलं की या माणसाबद्दल आपणच लिहायचं. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मोठमोठं लिहिता येत नाही. बेरीज, वजाबाकी आणि साधा भागाकार येतो, आणि वामनभावजींबद्दल सांगायला तेवढं पुरतं.

वामनभावजी माझे धाकटे दीर. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडे, पण घरातले पुरुष नोकरीसाठी कराचीला गेले आणि लग्न होऊन मीही तिकडेच गेले. तेव्हा कराची परकी नव्हती. बोटीत बसलं की झालं. माझे यजमान आणि भावजी दोघेही बंदराच्या कचेरीत होते. कुठल्या बोटीवर कापसाच्या किती गासड्या चढल्या, गव्हाची किती पोती उतरली, हे लिहून ठेवायचं भावजींचं काम. मी तिशीत यायच्या आत यजमान गेले. मधू, माझा एकुलता एक, तेव्हा सात वर्षांचा. पुढच्याच वर्षी भावजींची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मधूलाच वाढवलं. दर रविवारी त्याला बंदरावर न्यायचे आणि म्हणायचे, "पाढे म्हणून दाखवू नकोस, पोती मोजून दाखव." पोरगाही तसाच निघाला. आठव्या वर्षी पोत्यांची थप्पी बघून आकडा सांगायचा आणि शेदोनशेत दोन-तीनांपेक्षा जास्त चुकायचा नाही. वीस वर्षांचा झाल्यावर भावजींनी त्याला आपल्याच कचेरीत लावून दिला. घरात ते दोघे जेवताना बोलायचे तेसुद्धा आकड्यांत. मी मध्ये विचारायचे, "आमटी कशी झालीय?" तर दोघेही म्हणायचे, "बरोबर."

मग फाळणी झाली. पहिले काही महिने आम्ही तिथंच काढले. नंतर शहरात दंगल झाली, आमच्या गल्लीतली दोन घरं लुटली गेली, आणि भावजींनी मुंबईच्या बोटीची तीन तिकिटं आणली. मधू म्हणाला, "मी येत नाही." भावजींना आधी थट्टा वाटली. पण त्या दिवशी त्यांच्यात जे बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण पुढची अकरा वर्षं मी त्याचंच व्याज भरलं.

मधू म्हणाला, "काका, निम्मे कारकून निघून गेलेत. मला तुमची खुर्ची देताहेत. मी तिकडे येऊन काय करू? तिकडे माणसांवर माणसं."

"माणसं कमी झाली म्हणून राहतोस?"

"सरळ भागाकार आहे. तुम्हीच शिकवलात. खाणारी तोंडं कमी, की दरडोई वाटा जास्त."

"देश म्हणजे तुला पंगत वाटली काय रे? चार पानं उठली की उरलेल्यांना लाडू जास्त?"

"मग बघू. दोन्हीकडचे आकडे दरसाल छापून येतील. तुमचे आणि आमचे. बघू कुणाची पंगत बरी ते."

तुमचे आणि आमचे. त्या सकाळपर्यंत आमच्या घरात 'आमचे' एकच होतं. बोटीवर चढताना मधूनं माझी वळकटी वर आणून दिली आणि म्हणाला, "आई, तू जा. चार महिने बघतो आणि येतो." मी म्हटलं, "बघ." भावजी त्याच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभे होते. तो खाली उतरला तरी वळले नाहीत.

मुंबईत आम्हाला मुलुंडला दोन खोल्या मिळाल्या. पुढे रस्ता, मागे भाताची खाचरं, आणि पलीकडे सिंधमधून आलेल्या लोकांचा कॅम्प. तिकडून सिंधी बोलणं कानावर आलं की मला क्षणभर कराचीतच असल्यासारखं वाटायचं, म्हणून मी त्या बाजूची खिडकी बंद ठेवायचे. भावजींना मुंबईच्या कोट भागात एका सरकारी कचेरीत आकडेवारीच्या विभागात कारकुनी मिळाली. चार महिने झाले, सहा झाले, मधू आला नाही. पत्रही आलं नाही. वर्ष सव्वा वर्षानं भावजींनी एक लांबट वही आणली, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदार वापरतात तसली. भिंतीवर चौकटी-चौकटींचा कागद डकवला आणि दोन पेन्सिली आणल्या. निळी आपली, तांबडी त्यांची.

ते काय करायचे हे त्यांनी मला एकदाच समजावून दिलं. देशात वर्षभरात जे जे पिकतं, जे जे बनतं, त्या सगळ्याची किंमत करायची आणि तिला देशातल्या माणसांनी भागायचं. जे उत्तर येईल तो एका माणसाच्या वाट्याचा आकडा. असं दोन्ही देशांचं दरसाल करायचं आणि भिंतीवर टिंब द्यायचं. टिंबांना टिंबं जोडली की रेघ होते. कुणाची रेघ वर चढते ते बघायचं. मी विचारलं, "मग हा वाटा त्या माणसाला मिळतो का?" ते म्हणाले, "मिळतो असं नाही. येतो." मी म्हटलं, "कुठं येतो?" ते म्हणाले, "उत्तरात येतो." पुढे काही विचारण्यात अर्थ नव्हता.

रविवारी शेजारचा खूबचंद येऊन बसायचा. सिंधमधला, तिकडे कापडाची पेढी होती म्हणायचा, इथं कॅम्पातल्या बायकांचे पापड डोक्यावर घेऊन भांडुपपर्यंत विकत हिंडायचा. तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "वामनराव साईं, माझे पापड तुमच्या ह्या रेघेमध्ये आहेत की नाही?"

"आहेत. अंदाजानं धरलेत."

"अंदाज कोणी केला? मला तर कोणी विचारला नाही."

मीही आतून विचारलं, "आणि माझा स्वयंपाक?"

भावजी म्हणाले, "घरचा स्वयंपाक धरत नाहीत, वहिनी. विकला तर धरतात."

"मग उद्यापासून मी खूबचंदला विकते, तुम्ही त्याच्याकडून विकत घ्या. देश वर येईल."

खूबचंद इतका हसला की त्याला ठसका लागला. भावजी हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "येईल खरा." असा माणूस. खोटं बोलता यायचं नाही आणि थट्टा कळायची नाही.

पहिल्या वर्षी उत्तर निघाल्यावर त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि मधूला पाठवलं. वर मायना नाही, आशीर्वाद नाही. मधोमध एक आकडा आणि खाली 'वा.' असं एक अक्षर. महिन्याभरानं उत्तर आलं. तसंच. मधोमध तिकडचा आकडा आणि खाली म. भावजींनी कार्ड माझ्यापुढे धरलं. "घ्या, तुमच्या मुलाचं पत्र." अकरा वर्षांत मला मुलाकडून जे आलं ते एवढंच, वर्षाला एक आकडा. मी तो आकडा वाचायचे नाही, अक्षर वाचायचे. सात ठसठशीत असला की बरा आहे. एका वर्षी सगळे आकडे उजवीकडे कललेले आले, शाई फिकट, आणि आठाचं शेपूट थरथरलेलं. मी भावजींना म्हटलं, "आजारी आहे तो." ते म्हणाले, "आकडा बरोबर आहे." मी पुढचं वर्षभर, पुढचं कार्ड येईपर्यंत, तो जिवंत आहे की नाही याचा घोर लावून घेतला. पुढच्या वर्षी सात पुन्हा ठसठशीत आला तेव्हा कार्ड देवापुढे ठेवलं. भावजींना त्यांच्या वहीसाठी ते हवं होतं, म्हणून लगेच उचललंही.

एकदाच त्या कार्डावर आकड्याखेरीज काही आलं, तेही भांडण. आपल्या सरकारनं रुपयाची किंमत उतरवली होती, त्यांच्यानं नाही. मधूनं लिहिलं, आमच्या शंभराला आता तुमचे एकशे चव्वेचाळीस, त्या भावानं मांडा आणि मग बोला. भावजींनी उलट लिहिलं, माणूस तिथल्या रुपयानं तिथली भाकरी घेतो, रुपया तो रुपया. मधूच्या दरानं मांडलं तर तांबडी रेघ वर, भावजींच्या दरानं मांडलं तर दोन्ही जवळजवळ एकीवर एक. खूबचंद म्हणाला, "मी दोन्ही रुपये बघितले. खिशात टिकत कुठलाच नाही." काही वर्षांनी त्यांच्या सरकारनंही किंमत उतरवली आणि हा वाद आपोआप मिटला. पण तोवर दोघांनाही वादाची सवय लागली होती.

आता शिरगणतीचं सांगते, कारण सगळं तिथं अडकलेलं आहे. मुंबईत येऊन तीन वर्षं झाली तेव्हा एका दुपारी एक शाळामास्तर कागदांचं भेंडोळं घेऊन आले. भावजी कचेरीत होते. मास्तरांनी विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, "तीन." माझं नाव सांगितलं, भावजींचं सांगितलं, आणि तिसरा मधुकर, वय सव्वीस. "ते कुठं असतात?" मी म्हटलं, "बंदरावर नोकरीला." खोटं बोलले नाही. कुठल्या बंदरावर ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी लिहून घेतलं. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ उंबऱ्यात बसून होते. कुणीतरी, कुठल्यातरी सरकारी कागदावर, आम्हा तिघांना एका घरात लिहिलं होतं. मला तेवढंच पाहिजे होतं.

गप्प बसले असते तर खपलं असतं. पण संध्याकाळी भावजी जेवायला बसले आणि मीच सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते भात कालवता कालवता थांबले, पानावरून उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. मास्तरांचं घर शोधून काढायला त्यांना तासभर लागला. परत आले ते म्हणाले, "खोडून आलो."

मी म्हटलं, "इतक्या कोटींत एका माणसानं काय बिघडत होतं?"

"प्रत्येक घरानं एकेक वाढवला तर? सगळा भागाकार खोटा होतो, वहिनी. जो जिथं आहे तिथं मोजायचा."

"आणि जो इथं हवाय तो?"

"त्याचा रकाना नसतो."

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. वाढायचे, पान उचलायचे. त्यांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी दोन्ही देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा सुरू झाला. आधी नुसती माणसांची मनं आडवी होती, आता कागदही आडवे आले.

मी भावजींना हट्टी म्हणते. मधूलाही म्हणते. तिसरं नाव मात्र कुणाला सांगत नाही. मला चौथीपर्यंत लिहायला येत होतं. पत्ता पाठ होता, कारण तो आमचाच पत्ता होता, मधू त्याच जुन्या खोल्यांत राहात होता. पोस्ट कोपऱ्यावर होतं. मी अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही. मला वाटायचं, चार महिन्यांत येतो म्हणाला तो. आला नाही, तर आधी त्यानं लिहावं. आईनं मुलाच्या पायऱ्या झिजवायच्या नसतात असं माझ्या डोक्यात बसलेलं होतं. कुणी बसवलं होतं ते सांगता येत नाही. नातेवाईक विचारायचे, "मधूचं काय?" मी म्हणायचे, "काकांचं नि त्याचं चाललेलं असतं." तेवढं खरं होतं, म्हणून ते सांगणं सोपं जायचं.

तीन वर्षांमागची गोष्ट. रविवार होता. भावजींनी हाक मारली, "वहिनी, या. बघा." मी पदराला हात पुसत गेले. भिंतीवर निळं टिंब तांबड्याच्या वर गेलं होतं. खसखशीच्या दाण्याएवढं, पण वर. आता रुपयाचा वाद नव्हता, दराचा वाद नव्हता. तांबडी रेघ दोन-तीन वर्षं सपाट पडून राहिली होती आणि आपली मुंगीच्या पावलानं चढली होती. खूबचंद म्हणाला, "पेढे, साईं!" तो गेल्यावर मी भावजींना म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता तरी त्याला लिहा, ये म्हणून."

"आता लिहिलं तर म्हणेल, जिंकल्यावर बोलावलं."

"मग तो वर होता तेव्हा का नाही लिहिलं?"

"तेव्हा म्हणाला असता, हरलेल्यांच्या घरी कशाला येऊ."

"म्हणजे पोराला बोलवायला बरोबरीचं वर्ष लागतं तर."

ते पेन्सिलीला टोक काढत बसले. पेन्सिल अर्धी होईपर्यंत काढत बसले. मग कार्ड लिहिलं, मधोमध आकडा, खाली वा. त्या दिवशी त्यांनी जेवण अर्धंच केलं. मधूचं उत्तर नेहमीसारखं आलं. सात ठसठशीत होता. नंतरच्या दोन वर्षांतही निळी रेघ वरच राहिली आणि बरोबरीचं वर्ष काही आलं नाही.

भावजी गेल्यावर मी मधूला कार्ड टाकलं. अकरा वर्षांतलं माझं पहिलं. "काका गेले. त्रास झाला नाही. कळल्यावर आंघोळ कर. आई." एवढंच लिहिलं. इतके दिवस जे जमलं नाही त्याला इतकाच वेळ लागतो हे मात्र त्या दिवशी कळलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तेरावा झाल्यावर मोठ्या साहेबांचा निरोप आला. वामनरावांची वही कचेरीच्या ग्रंथालयात ठेवायची आहे, द्याल का? ती वही दहा वर्षं खिडकीच्या कट्ट्यावर पडून होती. कुलपात नव्हती. मी ती रोज उचलायचे, खालची धूळ पुसायचे आणि परत ठेवायचे. आकडेच असणार म्हणून कधी उघडली नाही. आता द्यायचीच आहे तर एकदा बघून घ्यावी म्हणून चष्मा लावून बसले.

प्रत्येक वर्षाला एक पान. डाव्या बाजूला आपला देश, उजव्या बाजूला तो. वर छापील कागदाची कात्रणं डकवलेली, खाली भावजींचा हिशेब. माणसांचे छापील आकडे लाखांच्या पटीत होते, म्हणजे शेवटी पाच शून्यं. पहिल्या दोन पानांवर भावजींनीही तसेच उतरवलेले होते. तिसरं पान शिरगणतीच्या वर्षाचं. तिथं कात्रणात आपल्या आकड्याच्या शेवटी पाच शून्यं आणि खाली भावजींच्या हातचा तोच आकडा, पण चार शून्यं आणि शेवटी एक. मला वाटलं, चूक झाली. उजवीकडे पाहिलं तर तिकडच्या आकड्याच्या शेवटी शून्यंच नव्हती. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ. पाच नऊ ओळीनं. मी चौथी शिकलेली बाई आहे, मला हे कळतं. शेवटी शून्यं असलेल्या आकड्यातून एक काढायचा म्हणजे एकेका घरातून हातचा घेत मागे मागे जावं लागतं आणि सगळीकडे नऊ होऊन बसतात. मी पान उलटलं. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. शेवटच्या पानापर्यंत दरसाल आपल्यात एक जास्त आणि त्यांच्यात एक कमी.

जो जिथं आहे तिथं मोजायचा, म्हणून पानावरून उठून जाणारा माणूस. सरकारच्या कागदावरचं माझं पोर खोडून आला आणि स्वतःच्या वहीत त्याच वर्षापासून त्याला इथं आणून बसवलं. कोटींना भागल्यावर एका माणसानं उत्तरात काही फरक पडत नाही. पैच्या हजाराव्या हिश्शाचासुद्धा नाही. हे त्यांना माहीत होतं म्हणूनच केलं असणार.

खूबचंदला दाखवलं तर त्याचे डोळे भरून आले. "किती माया होती बघा भाभी." मला रडू आलं नाही. राग आला. माया होती तर ती वहीत काय करत होती? त्याच हातानं, त्याच दिवशी, त्याच मेजावर बसून त्याला कार्डही लिहिलं जात होतं. त्या कार्डावर आकड्याखाली बोटभर जागा रिकामी असायची. तिथं 'ये' एवढं अक्षर मावलं असतं. दरसाल पोराला मोजलं आणि एकदाही बोलावलं नाही. आणि मी? मी एकदाच मोजलं, पुढे नुसती धूळ पुसली.

गेल्या आठवड्यात मधूचं उत्तर आलं. त्याच्याकडून इतकी अक्षरं मी अकरा वर्षांत पाहिली नव्हती. "आईस नमस्कार. काकांचं कळलं. आंघोळ केली. लग्न केलेलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखं दुसरं काही नाही. यंदाचा त्यांचा आकडा निघाला होता का? इकडचा माझ्याकडे तयार आहे. म."

पहिल्यांदा वाटलं, कार्ड फाडून चुलीत घालावं. काका गेला तर हा आकडा विचारतो. मग लक्षात आलं की या पोराला दुसरं काही विचारायला आम्ही शिकवलंच नाही. वही घेतली. यंदाचं पान भावजींनी आखून ठेवलं होतं, छापील कात्रणंही डकवली होती, पण खाली काही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिलीला टोक काढतानाच ते गेले होते. मी त्यांचीच दुसरी पेन्सिल घेतली. उजवीकडे तिकडचा आकडा उतरवला, छापील होता तसा, पाचही शून्यांसकट. मधू तिकडे आहे, तिकडेच मोजला पाहिजे. वहीत इकडे आणून तो इकडे येत नाही. मग डावीकडे आपला आकडा. इथं वामनभावजी वजा करायचे होते. एकेका घरातून हातचा घेत मागे गेले. नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ. इतकी वर्षं उजवीकडे होते ते पाच नऊ आता डावीकडे आले. भागाकार मी केला नाही.

मग मधूला कार्ड लिहिलं. "चि. मधूस आशीर्वाद. काकांचा यंदाचा आकडा निघाला नाही. इकडे एक माणूस कमी झालं एवढं नक्की. दोन खोल्या आहेत, एक रिकामी आहे. कागदपत्रांना किती दिवस लागतात ते विचारून ठेव. येतोस की नाही ते लिही. आकडा नको." वाचून पाहिलं, खाडाखोड केली नाही आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही.

वही कचेरीला दिली नाही. साहेबांना सांगितलं, काम अर्धं आहे. ती खिडकीच्या कट्ट्यावर होती तिथंच आहे, वर भावजींची पेन्सिल. सकाळी केर काढताना उचलते, खालची धूळ पुसते. कॅम्पाकडची खिडकी मात्र आता उघडी ठेवते.